दोनशे तीस ग्रॅमची तूट

वजनमापे खात्यातल्या एका निरीक्षकांच्या घरी मुलगी झाली आणि नवव्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर ती दोनशे तीस ग्रॅम कमी भरली. जन्मली तेव्हा तीन किलो दहा ग्रॅम, आता दोन किलो सातशे ऐंशी. दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर घरच्यांना नुसती काळजी लागली असती. पण या गृहस्थांनी आयुष्याची एकोणीस वर्षं दुकानोदुकानी जाऊन 'तुमचा माल कमी भरतोय' हे एकच वाक्य ऐकवण्यात घालवली होती. भल्याभल्या व्यापाऱ्यांना त्यांनी घाम फोडला होता. ऑफिसात त्यांच्या माघारी त्यांना 'काटेकोर' म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. मनातल्या मनात ते त्याला पदवीच समजत. आता तेच वाक्य डॉक्टरीणबाई त्यांना, त्यांच्या स्वतःच्या मालाबद्दल ऐकवत होत्या.

डॉक्टरीणबाईंच्या मते घाबरण्यासारखं काही नव्हतं. सुरुवातीला सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं. मात्र एव्हाना ते चढणीला लागायला हवं होतं. बाळ तरतरीत आहे, शू व्यवस्थित होतेय, तेव्हा दर दोन-अडीच तासांनी पाजत राहा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा आणा, असं त्या म्हणाल्या. निरीक्षकांनी नम्रपणे विचारलं, की साधारण किती ग्रॅमपर्यंतची तूट नियमात बसते? डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी येईपर्यंत ही बातमी जिन्यातून वर गेलीसुद्धा होती. ती कोण नेतं हे कोडं मोठमोठ्यांना सुटलेलं नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर दारातच उभे होते. त्यांनी चाळीस वर्षं पार्सलं तोलली होती, त्यामुळे बाळाच्या वजनाबद्दल बोलण्याचा आपला अधिकार आहे असं त्यांना वाटत होतं. सकाळी डावीकडून आणि संध्याकाळी उजवीकडून पाजावं, म्हणजे पोटात समतोल राहतो, असा त्यांचा सल्ला होता. दाराची बिजागरी बसवायला आलेल्या सुताराने हातातलं काम थांबवून आपल्या मेहुणीच्या मुलाची हकिगत सांगितली. तो मुलगा आता सहा फुटांचा होता, पण नेमक्या कशाने, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

निरीक्षकांच्या आईने मात्र फाटे फोडले नाहीत. "दूध पुरत नाहीये तिला. वरचं चालू करा," एवढंच बोलून त्यांनी नवी कोरी बाटली ओट्यावर आणून ठेवली. बाटली तिथे उभी राहिली आणि घरातली सगळी माणसं येता-जाता तिच्याकडे बघू लागली.

निरीक्षकांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. चाळीस मुलांचा वर्ग नुसत्या भुवईने गप्प करणारी ती बाई बाळंतपणानंतर स्वतःच गप्प झाली होती. पाजताना तिच्या हातात सारखा फोन असायचा. ती त्यात काय बघते याची निरीक्षकांनी कधी चौकशी केली नव्हती; पडदे, रेसिपी असं काहीतरी असेल, असा त्यांचा ढोबळ अंदाज. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, की आमच्या ग्रुपवर बाळांचा एक काटा फिरता असतो, हवा असेल तर मागवू का.

काटा हा शब्द ऐकताच निरीक्षकांचे कान टवकारले. तेव्हा त्यांना कळलं, की फोनमध्ये 'थेंबे थेंबे' नावाचा एक ग्रुप आहे, त्यात बाळांना अंगावर पाजणाऱ्या तीनशे बेचाळीस आया आहेत आणि एक दातांची डॉक्टर तो चालवते. अडल्यानडल्या आया तिथे काय वाटेल ते विचारतात आणि एकमेकींना उत्तरं देतात. हा सगळा तपशील निरीक्षकांनी एका कानाने ऐकला आणि दुसऱ्याने सोडला. काटा कुठल्या क्षमतेचा आहे, एवढंच त्यांनी विचारलं.

मंगळवारी ते तो आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. औषधांच्या दुकानातल्या एका ताईंकडे तो गेले पंधरा दिवस होता. त्यांनी तो टॉवेलात गुंडाळून, जणू दुसरं बाळच, अशा हातांनी दिला. पुढच्या सोमवारी तो एका जुळ्यांच्या आईकडे जायचाय, तेवढं विसरू नका, असंही बजावलं. काट्याच्या खालच्या बाजूला कागद चिकटवला होता: 'तीन दिवसांतून एकदाच. सकाळी, उघड्या अंगाने. आकडा आधी आईला सांगा, मग घरच्यांना. रोज मोजायचेच असतील तर ओले लंगोट मोजा.' निरीक्षकांनी तो रिक्षात बसून वाचला. नियम व्यापाऱ्यांसाठी असतात. खात्याच्या माणसाला ते कशाला, असा विचार करून त्यांनी काटा सुलटा केला.

बुधवारपासून घरात तपासणी सुरू झाली. पाजण्याआधी एकदा वजन, पाजून झाल्यावर एकदा वजन, वजाबाकी म्हणजे दूध. शाळेपासून त्यांना वजाबाकीवर इतका विश्वास कधीच वाटला नव्हता. कपाटाच्या दारावर आलेख कागद लागला. दिवसाला दहा वेळा पाजणं म्हणजे वीस वजनं; प्रत्येक वेळी नुकती डोळा लागलेली पोरगी गार पत्र्यावर ठेवली जायची आणि आकाशपाताळ एक करायची. ती हातपाय झाडत असताना आकडा स्थिर व्हायचा नाही. तो स्थिर होईपर्यंत निरीक्षक श्वास रोखून उभे, त्यांच्या मागे त्यांची आई मान वाकडी करून उभी.

एकदा पाजून झाल्यावर वजन पंधरा ग्रॅमने कमी भरलं. पोटात गेल्यावर माल कमी कसा होतो, असं त्यांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, बाळाने शू केली. निरीक्षकांनी आलेखात शूसाठी वेगळा रकाना आखला. हळूहळू त्यांच्या असं लक्षात आलं, की पाजून झालं की बायको बाळ त्यांच्या हातात देते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. ही नोंद त्यांनी घेतली, पण ती लिहायला रकाना नव्हता.

गुरुवारी दुपारपर्यंत आकड्यांचा मेळ बसेना. एकच बाळ कधी दोन सातशे सत्तर, कधी दोन आठशे पाच. निरीक्षकांना काट्याचा संशय येऊ लागला. खात्याची प्रमाणित वजनं ऑफिसाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातली एक किलो साखरेची न फोडलेली पिशवी बाळाच्या जागी ठेवली. नऊशे पंच्याऐंशी. आता इथे एखाद्या साध्या माणसाने म्हटलं असतं, काटा चुकतोय. पण एकोणीस वर्षांची सवय. निरीक्षक पायात चपला अडकवून, ओळखपत्र खिशात घालून, पिशवी हातात घेऊन कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे निघाले.

किराणावाला म्हातारा होता आणि सज्जन होता. त्याने वाद घातला नाही. आपला काटा पुढे ओढला, त्यावरचा खात्याच्या तपासणीचा छाप फडक्याने पुसून स्वच्छ केला आणि छापाखालची सही दाखवली. ती निरीक्षकांचीच होती, मागच्याच वर्षीची. मग त्याने पिशवी ठेवली. एक किलो चार ग्रॅम. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती आणि त्यांतले एक पोस्टमास्तर होते, त्यामुळे निरीक्षक घरी पोहोचण्याआधीच हकिगत पोहोचली: साखर परत करायला गेले होते, साखर त्यांनाच परत मिळाली. निरीक्षक निघताना किराणावाल्याने बाळाची चौकशीही केली होती, आणि ती जास्त झोंबली.

आता प्रश्न अब्रूचा झाला. शुक्रवारी निरीक्षक रजेवर असताना काटा काखेत मारून ऑफिसात गेले. प्रमाणित वजनं ठेवून पाच मिनिटांत त्याची परीक्षा करायची आणि घरी यायचं, इतका सोपा बेत होता. पण दारातच आवक-जावक विभागातले कारकून बसलेले. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि या आठ महिन्यांत आपल्या हातून एकही चूक व्हायची नाही, असा त्यांनी पण केला होता. त्यांनी काट्याची आवक नोंदली, पावती फाडली, काटा उलटासुलटा केला आणि छाप कुठे आहे ते विचारलं.

छाप नव्हता. हा विक्रीचा काटाच नाही, छाप लागतच नाही, असं निरीक्षक म्हणाले. कारकुनांना ते मान्य होतं, पण तसं मालकाने समक्ष येऊन लिहून द्यायला हवं होतं. तोवर विनाछाप काटा एकदा आवकेत आला की बाहेर जाऊ शकत नाही. चार वर्षांपूर्वीचं परिपत्रक आहे. त्यांनी परिपत्रक काढून दाखवलं. मसुदा निरीक्षकांचा होता. त्या वेळी त्याचं बरंच कौतुक झालेलं.

मग फॉर्म आला. मालकाचं नाव. निरीक्षकांनी 'थेंबे थेंबे' लिहिलं. ही संस्था कुठे नोंदलेली आहे, असं कारकुनांनी विचारलं. कुठेच नव्हती. पुढचा रकाना: कोणता माल तोलला जातो. निरीक्षकांनी बराच वेळ पेन हवेत धरून शेवटी 'कन्या' असं लिहिलं. कारकुनांनी ते वाचलं, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता फॉर्म परत केला आणि खालच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"किलोवर का नगावर, ते राहिलंय."

मोठे साहेब दौऱ्यावर होते. सोमवारी येतील, मालकांना घेऊन या, असं सांगून कारकुनांनी काटा कपाटात ठेवून कुलूप लावलं. एकोणीस वर्षांत निरीक्षकांनी कितीतरी काटे जप्त केले होते. त्या दुकानदारांना घरी जाताना काय वाटत असेल याचा विचार त्यांनी बसथांब्यावर पहिल्यांदा केला.

बायको रागावेल अशी त्यांची तयारी होती. ती रागावली नाही. तिने फोन त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा त्यांना. सोमवारी जुळ्यांना लागणार आहे तो. डॉक्टरांनी त्यांचं रोज वजन करायला सांगितलंय."

निरीक्षक बाल्कनीत खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी ग्रुपवर पत्र लिहिलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात केली; वरती विषय घालायला ते विसरले होते. आपल्या ताब्यातील काटा अनवधानाने शासकीय कपाटात गेला असून गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, असा एकूण आशय होता. मग उत्तरं बदाबदा येऊ लागली. एकीने काट्याला जामीन मिळतो का, ते विचारलं. एकीने डबा पोचवायची तयारी दाखवली. दातांच्या डॉक्टरांनी शांतपणे लिहिलं, की काटा तीन वर्षांपूर्वी अकरा जणींनी मिळून घेतला होता, म्हणजे मालक त्याच; नावं जुन्या संदेशांत सापडतील, तेवढी शोधून काढा, सोमवारी जमेल तेवढ्या येऊ.

म्हणून निरीक्षक जुने संदेश वाचत मागे मागे जायला लागले. अकरा नावं शोधायची, एवढंच काम होतं. पण तीन वर्षं मागे जायचं तर वाट कालपरवावरून जाते, आणि कालपरवाच्या संदेशांत त्यांची बायको होती.

ते तिच्या पहिल्या संदेशापर्यंत मागे गेले आणि तिथून खाली वाचत आले. पहिल्या आठवड्यात तिने लिहिलं होतं: 'चिरा पडल्यात. बाळ तोंड लावतं तेव्हा मी पायाची बोटं आवळून धरते. घरात कळू देत नाही. कळलं की बाटली येणार.' त्याखाली कुणी बेकरीवाली होती, तिने आपणही अशीच बोटं आवळत होतो, असं लिहिलं होतं. कुणी मलम सुचवलं होतं, कुणी नुसतंच 'मी जागी आहे, बोल' म्हटलं होतं. दातांच्या डॉक्टरांनी तीनदा विचारलं होतं, की आमची एक ताई घरी येऊन बाळाची पकड बघेल, पाठवू का. आणि बायकोने तिन्ही वेळा नको, घरात आवडणार नाही, असं कळवलं होतं.

मग गुरुवारचा संदेश आला. 'आमचे हे वाईट नाहीत. पण पाजून झालं की काटा घेऊन उभे असतात. दिवसातून दहा वेळा निकाल लागतो आणि दहाही वेळा मी नापास. आता पाजायला घेतलं की काटाच दिसतो. पान्हा फुटायच्या आधीच आटतो.'

त्याखाली एक्केचाळीस उत्तरं होती. निरीक्षकांनी ती सगळी वाचली. आपल्याविषयी एक्केचाळीस अनोळखी बायका बोलतायत हे कळल्यावर त्यांचे कान आधी गरम झाले. एकीने त्यांना 'बिचारा' म्हटलं होतं. एकीने लिहिलं होतं, 'घाबरलेला माणूस मोजतो गं. माझाही मोजायचा.' हे वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा वर जाऊन बायकोचा संदेश वाचला. तिसऱ्यांदा वाचला. अब्रूचं दुखणं एव्हाना कुठल्या कुठे गेलं होतं. आता जे दुखत होतं ते वेगळंच होतं.

ते आत गेले. बायको भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्यांनी कपाटावरचा आलेख कागद काढला, त्याची घडी घातली आणि ती कुठे ठेवावी ते न सुचून खिशात घातली. मग पलंगाच्या कडेला बसले.

"दुखतं का तुला?"

ती त्यांच्याकडे वळली. "हो," म्हणाली, आणि रडायला लागली. बराच वेळ रडली. निरीक्षकांना काय बोलावं ते कळेना, म्हणून ते बोलले नाहीत, आणि त्या आठवड्यात त्यांच्या हातून झालेली ही पहिलीच शहाणपणाची गोष्ट. शेवटी ती म्हणाली, की त्या ताईंना या म्हणून कळवा. निरीक्षकांनी कळवलं. या वेळी एका ओळीत.

शनिवारी ताई आल्या. त्या पोटापाण्यासाठी बसच्या कंडक्टर होत्या आणि ग्रुपने त्यांना या कामाचं रीतसर शिक्षण दिलं होतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्या घरोघर जात. आल्या आल्या त्यांनी दारातल्या गर्दीला "चला, आत सरका," म्हटलं. गर्दी म्हणजे निरीक्षक आणि त्यांची आई, पण दोघेही लगेच सरकले. मग त्यांनी बायकोला विचारलं, की या दोघांनी इथे थांबावं का बाहेर जावं, तुम्ही सांगाल तसं. बायको थोडी घुटमळली आणि म्हणाली, थांबू देत. त्यांनाही कळू दे.

कंडक्टरताईंनी आधी उशा रचल्या. पाठीला एक, कोपराखाली एक, मांडीवर एक. आईने बाळाकडे वाकायचं नाही, बाळाला आईकडे आणायचं, असं सांगितलं. पोटाला पोट लागलं पाहिजे. नाक बोंडासमोर. मग थांबायचं. बाळ जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. नुसतं बोंड चोखू द्यायचं नाही, त्याने चिरा पडतात, आणि दूधही नीट येत नाही. पोरगी पहिल्या खेपेला चुकली, दुसऱ्या खेपेला चुकली, तिसऱ्या खेपेला वैतागून किंचाळली. कंडक्टरताईंना घाई नव्हती. बस भरायला वेळ लागतोच, म्हणाल्या.

चौथ्या खेपेला ते लहानसं तोंड चांगलं आ वासून उघडलं आणि हनुवटी जागेवर टेकली. निरीक्षक बायकोच्या पायांकडे बघत होते. बोटं आवळलेली होती. मग एकेक करून ती सुटली.

"आता ऐका," कंडक्टरताई हळूच म्हणाल्या.

खोलीत कुणी हललं नाही. थोड्या वेळाने एक इवलासा घुटका ऐकू आला. मग आणखी एक. निरीक्षकांनी आजवर दूध काट्यावर बघितलं होतं. ते ऐकूही येतं, हे त्यांना नवीन होतं.

त्यांची आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. ती एकदम बोलायला लागली, कुणाकडे न बघता. "याच्या वेळी मी बाविसाव्या दिवशी सोडलं. सगळे म्हणाले पुरत नाही, मीही म्हटलं नसेल पुरत. दुखतं का, असं कुणी विचारलंच नाही."

"मी विचारते, काकू," कंडक्टरताई म्हणाल्या. "दुखत होतं का?"

"खूप," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. मग डोळ्याला पदर लावून त्या चहा टाकायला गेल्या. ओट्यावरची बाटली त्यांनी वरच्या फळीवर, मागे सारून ठेवली. टाकून मात्र दिली नाही. त्या व्यवहारी होत्या.

जाताना कंडक्टरताईंनी निरीक्षकांनाही काम नेमून दिलं. मोजायची सवय सुटत नसेल तर दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट होतायत का ते मोजायचं. कमी झाले, किंवा बाळ मलूल वाटलं, तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही, तडक डॉक्टरांकडे जायचं. आणि मोजलेले लंगोट धुवायचे. रविवारी सात झाले. निरीक्षकांनी ते दोरीवर सारख्या अंतराने वाळत घातले. खालून पोस्टमास्तरांनी वर बघून विचारलं, की आज कुठल्या बाजूने पाजलं. निरीक्षक म्हणाले, दोन्ही बाजूंनी, आणि उरलेले चिमटे लावले.

सोमवारी सकाळी दवाखान्यात पोरगी दोन किलो नऊशे साठ भरली. डॉक्टरीणबाईंनी छान म्हटलं, आणखी काही शंका आहे का, असं निरीक्षकांकडे बघून सावधपणे विचारलं. त्यांना काही शंका नव्हती. बायकोने बाहेरच्या बाकावर बसून ग्रुपवर आकडा कळवला. मग बाळाला आजीकडे न सोपवता म्हणाली, मीही येते ऑफिसात. काटा माझ्या नावावर आणलाय.

जुन्या संदेशांत अकराही नावं सापडली होती; त्या अकरा मालकिणींपैकी सहा जणी आल्या होत्या. त्यांच्यासोबत ग्रुपवरच्या आणखी चार जणी, पाच तान्ही बाळं आणि एक तीन वर्षांची मुलगी, जी त्या काट्यावर सर्वांत आधी झोपली होती आणि आता कारकुनांच्या टेबलाखाली शिरत होती. दातांच्या डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आल्या होत्या. कंडक्टरताई गणवेशात होत्या. पुढची फेरी पाऊण तासावर होती.

कारकुनांनी प्रत्येकीला तिचा हिस्सा विचारला. नेमका कुणालाच आठवत नव्हता. "थोडाथोडा" असा रकाना फॉर्मात नव्हता, तेव्हा त्यावर विचार सुरू झाला. तेवढ्यात एका बाळाने सूर लावला, मग दुसऱ्याने, आणि मग निरीक्षकांच्या मुलीने, जिचा आवाज आता चांगलाच भरला होता. मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले. बायकांना बसायला आडोशाची जागा हवी होती आणि त्या ऑफिसात सगळीकडे अर्ध्या उंचीचे लाकडी पडदे. दार असलेली एकच खोली होती. त्या खोलीत काचेच्या पेटीत खात्याची मूळ प्रमाणित वजनं असत. तिथे वारा येत नसे, गाड्यांचा हादरा पोचत नसे, ऊन-थंडी बारा महिने सारखी, आणि परवानगीशिवाय आत पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती.

साहेबांनी किल्ली मागवली. निरीक्षकांनी आणि कारकुनांनी खुर्च्या वाहिल्या. दार बंद झालं आणि दोन मिनिटांत आतलं रडं थांबलं.

बाहेर कारकुनांनी कपाटातून काटा काढून परीक्षेला घेतला. तो त्यांनी आधी टेबलावर ठेवून दाबून पाहिला; तो डुगडुगला, तेव्हा उलटा केला. चारपैकी एका पायाची रबरी टोपी गळून पडली होती, त्यामुळे काटा कललेला राहत होता. निरीक्षक बघतच राहिले. कुठलाही काटा तपासताना आधी तो सपाट बसलाय का ते बघायचं, हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा. नव्या उमेदवारांना हा धडा तेच शिकवायचे. घरी त्यांनी काट्याच्या खाली पाहिलं होतं ते फक्त नियम वाचायला, आणि तेही पाळायचे नाहीत म्हणून. कारकुनांनी टेबलावरचं स्वतःचं खोडरबर घेतलं, ब्लेडने बेताचा तुकडा कापला आणि पायाला चिकटवला. मग प्रमाणित किलो ठेवला. काटा बरोबर हजारावर थांबला.

'या काट्यावर कोणत्याही मालाची विक्री होत नाही' असं सहा जणींनी लिहून दिलं. साहेबांनी सही केली. खोली रिकामी झाल्यावर निरीक्षक खुर्च्या परत न्यायला लागले तेव्हा साहेबांनी त्यांना थांबवलं. टंकलेखक बाई पुढच्या महिन्यात बाळंतपणाच्या रजेवरून परत येणार होत्या.

"एक खुर्ची राहू दे आत," साहेब म्हणाले. "आणि किल्ली त्यांच्याकडे देऊ."

कारकुनांनी ते आवकेत लिहायचं की जावकेत, असं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून त्यांनी लिहिलं नाही.

जुळ्यांच्या घरी काटा पोचवायला संध्याकाळी निरीक्षक एकटेच गेले. दार बाळांच्या बापाने उघडलं. तो घरांचे नकाशे काढायचा; दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्याने काटा जवळजवळ हिसकावूनच घेतला. टेबलावर लॅपटॉप तयार होता, त्यात दोन रंगांचे दोन तक्ते आखलेले. एक मुलगा दोन किलो शंभर, दुसरा त्याहून कमी, आणि डॉक्टरांनी रोज सकाळी वजन सांगितलंय, असं तो घाईघाईने सांगू लागला. तो मात्र दिवसातून आठदा करणार होता. पाजण्याआधी आणि नंतर. वजाबाकी केली की नक्की कळेल ना, असं त्याने विचारलं.

निरीक्षकांनी काटा टेबलावर ठेवला, चारही पाय टेकलेत का ते बोटाने दाबून पाहिलं आणि खाली बसले. आपण कोणत्या खात्यात आहोत ते त्यांनी सांगितलं. त्यामुळे तो माणूस एकदम ऐकू लागला. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं, सकाळचं एक वजन नक्की करा, ते म्हणाले. ते या बाळांसाठी हवंच आहे. बाकीची सात राहू द्या.

"मग दिवसभर मी करू काय?" त्याने विचारलं. तो रडकुंडीला आला होता.

आतल्या खोलीत एक बाळ कुरकुरत होतं. कुणीतरी त्याला हलक्या, दमलेल्या आवाजात गप्प करत होतं.

"आत जा," निरीक्षक म्हणाले. "त्यांना विचारा, दुखतंय का. आणि उत्तर येईपर्यंत थांबा."

तो लॅपटॉप मिटून आत गेला. दार त्याच्यामागे अर्धवट लोटलं गेलं. निरीक्षकांनी तांब्यातलं पाणी स्वतःच पेल्यात ओतून घेतलं आणि बसून राहिले. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग एका बाईचा आवाज आला, आधी तुटक, मग सलग, आणि ती बोलतच राहिली. निरीक्षकांनी पेला पालथा घातला, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता दार ओढून घेऊन जिन्यात आले.